हौदात गेलेला सरदार

विश्वास बसणार नाही तुमचा. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून माझ्याकडे असं तिरकं बघायला नको. जंजिऱ्याच्या तोफेत झोपून मी एक अख्खा पावसाळा काढलाय, मुशी माशाच्या जबड्यातून माझी विडी परत काढलीय, ते सगळं एकवेळ सोडून द्या. पण महाडच्या मैदानात, भरदुपारी, मांडवभर बायकांच्या देखत, एका गोऱ्यापान राजकन्येनं ह्या उस्मान सिद्दीच्या गळ्यात हार घातला होता.

“गोरीपान नव्हती,” रोशनबी म्हणाली. “गेल्या खेपेला तू सावळी म्हणालास.”

“राजकन्या गोरी होती. बाई सावळी होती. मध्ये बोलू नकोस, तू तुझी सुकट विक.”

राजपुरीच्या धक्क्यावर आम्ही बसलो होतो. सकाळपासून वारा असा उठला होता की दिघीची होडी पलीकडून सुटायचं नाव घेत नव्हती. शेडखाली एक मास्तरीणबाई होत्या, छत्री मांडीवर आडवी धरलेल्या. एक नवं जोडपं होतं. पोरीच्या हातावरची मेंदी अजून उतरलेली नव्हती. आणि कोपऱ्यात तिची टोपली घेऊन रोशनबी, जी तिथं रोजच असते, जशी मी रोज असतो.

ही गोष्ट धक्क्यावरच्या सगळ्यांना अर्धी ठाऊक आहे. कारण ती नेहमी अर्धीच होते. हौदापर्यंत येते, तोवर होडी लागते आणि ऐकणारे पिशव्या उचलून पळतात. कित्येक वर्षं माझं असं छान चाललंय.

“सांगा ना आजोबा,” नवी नवरी म्हणाली. “होडी काही येत नाही आज.”

तर ऐका.

आम्ही सिद्दी. आमचे जुने लोक आफ्रिकेतल्या हबसाणातून ह्या किनाऱ्याला लागले. कुणी सरदार म्हणून आले, कुणी गुलाम होऊन साखळीत आले. मी साखळीवाल्यांतला असणार, कारण सरदारांच्या पोरांना हमाली करावी लागत नाही. तेव्हा मी पंचविशीतला गडी, मुरुडच्या धक्क्यावर सामान उतरवायचो. एक दिवस पडावातून ट्रंका आल्या, पडदे आले, एक पुठ्ठ्याचा सिंह आला आणि त्यांच्या मागून तात्या रहाळकरांची नाटक मंडळी आली.

नाटक होतं ‘मर्जान-मंजुळा’. तात्यांनी स्वतः लिहिलेलं. मर्जान हा हबशी सरदार, काळाकुट्ट, शूर. मंजुळा ही कोकणच्या राजाची लेक, गोरी, नाजूक. दोघांचं प्रेम बसतं. मर्जानचं काम बंडू देवधर करायचा. घाऱ्या डोळ्यांचा, केतकीच्या पानासारखा गोरा. खोबरेल तेलात काजळी कालवून तो अंगाला फासायचा आणि सरदार व्हायचा.

मुरुडच्या पहिल्याच खेळात घोटाळा झाला. दुसऱ्या अंकात मंजुळा मर्जानचं तोंड ओंजळीत धरते आणि त्याच्या गालाला गाल लावते, असा प्रसंग होता. तिनं गाल लावला, काढला, तर अर्धी मंजुळा काळी! मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, चुलीत तोंड घातलंत काय?” पुढचा अंकभर लोक हसत होते. मर्जानला कैद झाली तरी हसत होते.

दुसऱ्या दिवशी तात्या धक्क्यावर आले ते कपाळाला हात लावूनच. मी धक्क्यावरच राहिलेला पुठ्ठ्याचा सिंह डोक्यावर घेऊन चाललो होतो, घामानं निथळत. तात्या थांबले. माझ्या दंडावर त्यांनी अंगठा घासला. मग अंगठा थुंकीनं ओला करून परत घासला आणि अंगठ्याकडे बघत राहिले.

“जात नाही?” ते म्हणाले.

“लहानपणी आईनं काथ्यानं घासून बघितलं, साहेब. नाही जात.”

“नाटकात काम करशील?”

म्हणजे बघा, मला माझ्या तोंडासाठी घेतलं नाही, आवाजासाठी नाही, अकलेसाठी तर नाहीच. माझा रंग दुसऱ्याच्या गालाला लागत नव्हता, म्हणून घेतलं.

“आणि पगार?” रोशनबीनं विचारलं.

“दोन वेळचं जेवण आणि इज्जत.”

“म्हणजे जेवणच.”

तालमी सुरू झाल्या. पदं बंडू विंगेतून म्हणायचा, मी नुसतं तोंड हलवायचो. भाषणं मात्र माझी. पहिल्याच दिवशी माझं आणि तात्यांचं वाजलं. मर्जान मंजुळेला सांगतो, ‘वर्ण माझा काळा असेल, पण काळीज दुधासारखं पांढरं आहे.’

मी म्हटलं, “तात्या, काळीज पांढरं कुणाचं असतं? मी बोकड कापताना बघितलंय. लालच असतं.”

“अरे गाढवा, ते काव्य आहे.”

“असू दे. पण पांढरंच कशाला पाहिजे?”

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “तू हालचालींकडे लक्ष दे.”

मास्तरीणबाई ह्यावर जोरात हसल्या.

खरी मजा तिसऱ्या अंकात होती. राजा म्हणतो, मुलगी हबशाला देणार नाही. तेवढ्यात एक जोगी येतो आणि सांगतो की अहो, हा हबशी नव्हेच. हा तर सरदार घराण्यातला, शापानं काळा झालेला. ह्याला तीर्थात बुडी मारू द्या. मग मर्जान हौदात उतरतो, शंख वाजतो, आणि वर येतो तो गोरा! मंजुळा त्याच्या गळ्यात हार घालते. पडदा.

बंडूच्या वेळी हे सोपं होतं. हौदाआड ओल्या फडक्यानं काजळी पुसायची आणि उभं राहायचं. पण तात्यांनी मला घेतलं ते दुसऱ्या अंकाचा विचार करून. तिसऱ्या अंकाचा विचार त्यांनी केलाच नव्हता. तालमीत मी हौदात बुडी मारली, वर आलो, आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघत राहिली. तबलजी म्हणाला, “तात्या, शाप पक्का दिसतो.”

मग तात्यांनी तोड काढली. हौद म्हणजे लाकडी खोका, वर पाण्याची रंगवलेली पट्टी. त्याच्या तळाला फळी काढून झडप केली, एका माणसापुरती. मी हौदात उतरायचं ते थेट रंगमंचाच्या खाली. तिथं बंडू मुकुट घालून तयार बसलेला असायचा. मी खाली, बंडू वर. मर्जान गोरा.

“म्हणजे प्रेम तुमच्यावर आणि हार त्याला?” नवरीनं विचारलं.

“मी पण तात्यांना हेच विचारलं. म्हटलं, तिचं प्रेम बसतं ते हौदाच्या आधी की नंतर? तर म्हणाले, आधीच, आधीच. प्रेम काय रंग बघून होतं? म्हटलं, मग लग्न? म्हणाले, लग्न नंतर.”

“हुशार माणूस,” रोशनबी म्हणाली.

शंखाचं सांगायचं राहिलं. तात्यांची हौस अशी की शंखाचा आवाज जमिनीखालून यावा, तीर्थ स्वतः बोलल्यासारखा. म्हणून शंख खालीच ठेवलेला. पण वाजवणार कोण? बंडूनं फुंकला, नुसती हवा गेली. तबलजीनं फुंकला, म्हशीला पोटशूळ उठल्यासारखा आवाज आला. तात्यांनी फुंकला आणि त्यांची कवळी पुढं आली. शेवटी मी हातात घेतला. मामाच्या पडावावर धुकं पडलं की मीच शंख फुंकायचो, दुसऱ्या होड्यांनी आमच्यावर येऊ नये म्हणून. असा वाजवला की बाहेर बांधलेला बैल दावं तोडून पळाला.

तात्या म्हणाले, “तुला चालेल ना रे? म्हणजे तुमच्यात…”

“दर्यावर धुकं पडल्यावर शंखाला कुणी जात विचारत नाही, तात्या.”

तर अख्ख्या मंडळीत शंखाला माझीच छाती. रोज मी खाली उतरायचो, बंडूला वर ढकलायचो आणि त्याच्या नावानं शंख फुंकायचो. रंगमंचाच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी होत्या. त्यातून वरचं फार दिसायचं नाही. तिची पावलं दिसायची. आळता लावलेली. ती पावलं दोन पावलं पुढं यायची, टाचा किंचित उचलल्या जायच्या, म्हणजे समजायचं की आता हार घातला. मग तिचं वाक्य यायचं, ‘आता जगालाही दिसलं, नाथ, तुमचं खरं रूप.’ आणि झेंडूच्या चारदोन पाकळ्या फटीतून माझ्यावर पडायच्या.

खरं रूप. रोज ऐकायचो ते. शंख मांडीवर घेऊन.

“आता बाईचं सांगा,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

शालन पेडणेकर. गोव्याकडची. आई गाणारी होती, वडलांचं नाव ती सांगायची नाही आणि मंडळीत कुणी विचारायचं नाही. वर्णानं म्हणाल तर ह्या ओल्या वाळूसारखी. पण मंजुळा गोरी, त्यामुळे रोज खेळाच्या आधी ती तोंडाला, गळ्याला, कोपरापर्यंत हातांना सफेदा लावायची. गालाला गाल लावल्यावर माझा रंग तिला लागायचा नाही, हे तात्यांचं बरोबर. पण तिचा मला लागायचा. पहिल्या दिवशी अंक संपवून विंगेत आलो तर तबलजी माझ्याकडे बघून खुदकन हसला. आरशात बघतो तर गालावर पांढरी पट्टी. प्रेक्षकांतून कुणी हसलं नव्हतं बरं का. काळ्याला पांढरं लागलं तर लोकांना ते शोभेचं वाटतं.

मी पट्टी पुसायला गेलो तर शालन म्हणाली, “थांब. माझं आहे ते. मीच काढते.”

आणि खोबरेल तेल लावून तिनं ते बोटानं काढलं. तेव्हापासून रोज तीच काढायची. मी पुसलं तर रागवायची. कधी तेल लावता लावता माझं मनगट घासायची आणि बोट उजेडात धरून बघायची.

“काय बघतेस?”

“तात्या बघतात तेच. खरंच जात नाही रे?”

“कशाला जायला पाहिजे?”

“जायला नकोच,” ती म्हणाली. “एकाचं तरी पक्कं असू दे इथं.”

असं तुम्हाला कुणी म्हटलंय कधी? मला त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही. जेवायला बसलो की मंडळी आपली आपली ओळ धरून बसायची आणि माझं पान दाराशी, चपलांजवळ असायचं. त्यांच्यात कुणाला ते वावगंही वाटायचं नाही. ती आपलं पान उचलून दाराशी यायची आणि म्हणायची, “तिथं उकडतं.” थंडीतसुद्धा म्हणायची.

रोशनबीनं पुढ्यातली सुकट उगीच वरखाली केली.

मला एकच कळत नव्हतं. दुसऱ्या अंकात माझं तोंड ओंजळीत धरून ती म्हणायची, ‘मला तुम्ही असेच हवेत.’ वाक्य तात्यांचं. आवाज तिचा. कुणाला म्हणते? मर्जानला की मला? आणि असेच हवेत तर मग पुढच्या अंकात बंडूसाठी टाचा का उचलते?

महाडला आमचा मुक्काम शेवटचा. त्यानंतर पावसाळ्यासाठी मंडळी मोडायची, जो तो आपल्या गावी. शेवटचा खेळ खास बायकांसाठी, दुपारचा. कनातीच्या आत नुसता गजऱ्यांचा वास आणि पोरांची रडारड. शालन ट्रंकेवर बसून सफेदा लावत होती आणि मी तिच्यापुढे आरसा धरून उभा.

“तुझं बरं आहे,” ती म्हणाली. “तुला नुसतं उभं राहायचं. मला रोज गोरं व्हावं लागतं.”

“माझं बरं आहे? मला रोज हौदात जावं लागतं.”

तिचा हात थांबला. एक गाल पांढरा झालेला, एक अजून तिचा स्वतःचा.

“मग वर ये,” ती म्हणाली.

“काय?”

“खाली जातोस तसाच वर ये. हार माझ्या हातात असतो, तात्यांच्या नाही.”

माझ्या हातातला आरसा हलला असणार, कारण ती म्हणाली, “नीट धर.”

“घालशील?” मी विचारलं.

“ये तर आधी.”

“म्हणजे घालशील की नाही?”

“ते मी आत्ता नाही सांगणार. सांगितलं तर तू खात्रीनं येशील. खात्री झाल्यावर कुणीही येतो, उस्मान.” मग दुसऱ्या गालाला सफेदा लावता लावता म्हणाली, “उद्या सकाळी मी पणजीच्या गाडीत बसणार. एकटी बसायचं की कसं, ते मला आज कळलं तर बरं पडेल.”

इथं मी थांबलो. नेहमी थांबतो. समुद्राकडे बघितलं. पांढऱ्या लाटा फुटत होत्या, पण शीड कुठं दिसेना.

“मग?” नवरी पुढं सरकली. नवऱ्याचा हात तिनं कधी धरला होता ते तिलाही कळलं नव्हतं. “गेलात वर?”

रोशनबी पैसे मोजत नव्हती, टोपली झाकत नव्हती. नुसती बसली होती. हौदाच्या पुढची गोष्ट तिनंही कधी ऐकली नव्हती.

मग गेलो म्हणजे काय! आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. पहिला अंक झाला, दुसरा झाला. गालाला गाल लावला, तेव्हा तिनं सोडायला उशीर केला. बायकांनी काकणं वाजवली. तिसऱ्यात जोगी आला, त्यानं शाप सांगितला. मी हौदाच्या काठावर उभा राहिलो, तिच्याकडे बघितलं आणि उतरलो.

खाली बंडू बसलेला, मुकुट डोक्यावर, तोंडात पान. मी म्हटलं, “बंडू, खाली बस.”

“बसलोच आहे.”

“बसूनच राहा. आज मी वर जाणार.”

“अरे, काय वेडबिड लागलं का? तात्या जीव घेतील!”

“घेऊ देत.” आणि मी त्याच्या डोक्यावरचा मुकुट काढला, त्याला ट्रंकेवर नीट बसवला आणि म्हटलं, “पान खा.”

वर तबला भरात आला होता. बायका दम धरून बसलेल्या. आणि शंख वाजला! काय सांगू तुम्हाला, तसा शंख त्या मांडवात कधी वाजला नव्हता. लांबच लांब, संपतच नव्हता. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. रडणारी पोरं गप्प झाली. त्या आवाजात मी झडपेतून वर आलो. जसा गेलो तसाच. काळा.

 राजाचं काम करणारा वाक्य विसरला. विंगेत तात्यांनी धोतराचा सोगा तोंडात कोंबलेला. आणि मग पुढं बसलेली एक म्हातारी, नाकात ही एवढी नथ, जोरात म्हणाली, “अगो, हाच बरा दिसतो!”

मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझा गळा असा मोकळा झाला होता की मला वाटलं, आता हे कधी संपूच नये.

आणि ती आली. दोन पावलं पुढं. आळता लावलेली पावलं, डाव्या पायाच्या करंगळीवरचा आळता थोडा पुसलेला. टाचा उचलल्या. हार पडला. झेंडूच्या पाकळ्या खाली आल्या, एक इथं, मनगटावर. आणि ती म्हणाली, ‘आता जगालाही दिसलं, नाथ, तुमचं खरं रूप.’

“आणि तिचा चेहरा?” नवरीनं हळूच विचारलं. “चेहरा कसा झाला होता तिचा तेव्हा?”

“चेहरा?”

“हार घालताना. अगदी समोर असेल ना.”

“चेहरा…” मी म्हटलं. “आता चेहरा कसा… इतकी वर्षं झाली, बाळा. पावलं लक्षात आहेत.”

 शेडच्या पत्र्यावर वारा थडथडत होता. रोशनबीनं थर्मासचं झाकण उघडलं, कपात चहा ओतला आणि मी न मागताच माझ्यापुढं सरकवला. रोज सरकवते. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं,

“उस्मान, मग शंख कुणी वाजवला?”

मी समुद्राकडे बघितलं. होडी अजून कुठंच दिसत नव्हती.